‘डॉक्टर, घरी सांगू नका’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच दुखण्याविषयी आहेत, आणि त्यांतली तीन डॉक्टरांची आहेत याचे मला विशेष वाटले; कारण नवऱ्याच्या मारहाणीविषयी आजवर या सदराकडे आलेली जवळजवळ सगळी पत्रे सोसणाऱ्या बायकांची किंवा त्यांच्या माहेरच्यांची असत. पत्रलेखकांची नावे व गावे छापलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. चौतिशीची एक बाई दोन महिन्यांत चौथ्यांदा आली. आधी डोकेदुखी, मग अशक्तपणा, मग ‘झोप येत नाही, गोळी द्या’, आणि या वेळी डावा कान. कानाच्या पडद्याला ताजे छिद्र होते. ‘मुलाचा चेंडू लागला,’ असे ती म्हणाली आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या तिच्या सासूबाईंनी ‘पोरं ऐकतच नाहीत’ अशी लगेच पुस्ती जोडली. मला ते खरे वाटले नाही; पण कानात पाणी जाऊ देऊ नका एवढे सांगून, गोळ्या देऊन मी तिला पाठवले. हे सगळे घर माझ्याकडेच येते, नवऱ्याशी माझी चांगली ओळख आहे. मी विचारायला हवे होते का? कसे विचारायचे? आणि ती ‘हो’ म्हणाली असती, तर पुढे मी काय करणार होतो?

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. उघड्या तळहाताची थप्पड कानावर सपाट बसली की कानाच्या नळीतली हवा एकदम दाबली जाते आणि पडदा फाटतो. समोरून उजव्या हाताने मारणाऱ्याची थप्पड डाव्या कानावर बसते, म्हणून अशा इजेत डावा कान अधिक वेळा सापडतो. चेंडूनेही पडदा फाटू शकतो, हे खरे आहे. पण मला कानापेक्षा त्याआधीच्या तीन भेटी महत्त्वाच्या वाटतात. घरात मार खाणारी बाई बहुतेक वेळा वळ दाखवायला येत नाही. ती डोके, पाठ, पोट, छातीतली धडधड आणि झोप घेऊन येते, ‘ताकदीचं इंजेक्शन द्या’ म्हणते, आणि तपासण्या नॉर्मल आल्या की आपण तिला टेन्शन घेऊ नका असे सांगतो. वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग, ओटीपोटाचे जुनाट दुखणे, लागोपाठचे गर्भपात, गरोदरपणात नाव नोंदवायला झालेला उशीर, यांमागेही कधी कधी हेच असते. इजा दिसलीच, तर ती दंडावर बोटांच्या ठशांसारखी, किंवा मार चुकवण्यासाठी आडवा धरलेल्या हाताच्या बाहेरच्या बाजूला असते; आणि ती झाल्यापासून दाखवेपर्यंत चार दिवस उलटलेले असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक मारहाण सोसल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या केवळ १४ टक्के होत्या आणि सुमारे ७७ टक्के जणींनी कोणाजवळ अवाक्षरही काढले नव्हते. तुमच्या बाकावर रोज सकाळी बसणाऱ्या बायकांची संख्या मनाशी मोजा आणि हे आकडे त्यावर ठेवून पाहा.

सरसकट प्रत्येकीला विचारत सुटावे, असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनाही तसे सांगत नाहीत. लक्षणे तशी दिसली तर विचारावे, मात्र एकांत असेल तरच आणि पुढे काय करायचे हे डॉक्टरला ठाऊक असेल तरच, असा त्यांचा रोख आहे. त्या दिवशी सासूबाई स्टुलावर बसलेल्या असताना तुम्ही विचारले नाही, हे योग्यच झाले. त्यांना बाहेर पाठवायला हवे होते, एवढीच उणीव राहिली.

बाहेर पाठवणे अवघड वाटते, कारण आपल्याकडे पेशंट एकटा येतच नाही. म्हणून तो नियम एका बाईपुरता न ठेवता साऱ्या दवाखान्याचा करून टाकावा: ‘तपासताना आत फक्त पेशंट.’ पाटीच लावून टाकावी. लघवीचा नमुना, वजन, रक्तदाब अशी निमित्ते असतातच. पुरुष डॉक्टरने स्त्री रुग्णाला तपासताना स्त्री मदतनीस जवळ असायला हवी, ही अट मोडू नये. म्हणूनच ती मदतनीस तोंडाची घट्ट असणे हे औषधांच्या साठ्याइतकेच महत्त्वाचे मानावे. आणि एक बारीक गोष्ट, जी माझ्याही फार उशिरा लक्षात आली: आपल्या दवाखान्यांतला हिरवा पडदा नजर अडवतो, आवाज अडवत नाही. पडद्यापलीकडे नवरा बसलेला असेल तर आत हळू आवाजातही विचारू नये.

आता शब्दांकडे येऊ. ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर नसते, कारण त्या ‘ना’मध्येच ते दिलेले आहे. ‘काही त्रास आहे का?’ म्हटले की ती गुडघ्याचे सांगू लागते. ‘हिंसाचार’ हा शब्द तर सरकारी कागदावरच राहू द्यावा. नवऱ्याने मारले त्याला कोणी हिंसाचार म्हणत नाही. मी असे विचारते: ‘माझ्याकडे येणाऱ्या काही जणींना घरी मार बसतो आणि त्यांचा कान असाच फुटलेला असतो. तुमच्यावर कोणी हात उचलला का?’ यात तीन गोष्टी साधतात. ती एकटी नाही हे तिला कळते, डॉक्टरांना या गोष्टीचा धक्का बसत नाही हे कळते, आणि ‘कोणी’ म्हटल्यामुळे नवऱ्याचे नाव आधी आपण घेत नाही, ते घ्यायचे की नाही हे तिच्याकडे राहते.

ती ‘नाही’ म्हणाली तर तिथेच थांबावे. खोदून काढू नये, ‘मला सगळं कळतं’ असा आव आणू नये. ‘बरं. कधी सांगावंसं वाटलं तर इथलं इथेच राहील,’ एवढे म्हणून कान पुन्हा पाहण्यासाठी दहा दिवसांनी बोलवावे. फुटलेला कान ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण त्याच्या तपासणीला घरून हरकत घेतली जात नाही. अनेक जणी तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोलतात.

ती ‘हो’ म्हणाली, तर तुमच्या पत्रातला खरा प्रश्न उभा राहतो. आधी ऐकावे. ‘तुम्ही काय बोललात त्यांना?’ आणि ‘मग इतकी वर्षं राहिलात कशाला?’ हे दोन प्रश्न ओठांवर आले तरी गिळावेत, कारण दोन्ही प्रश्न दोष तिच्या पदरात टाकतात. ‘यात तुमची चूक नाही’ हे वाक्य मात्र मोठ्याने म्हणावे. तिने ते आजवर कोणाच्याच तोंडून ऐकलेले नसण्याची शक्यता फार मोठी आहे. मग तिला आता, आज, काय हवे आहे ते विचारावे. तिला घर सोडायचे असेल असे गृहीत धरू नये. पुष्कळ जणींना मार थांबायला हवा असतो, संसार मोडायला नको असतो.

त्यानंतरचे पाच-सहा प्रश्न मात्र टाळता येत नाहीत. मारणे अलीकडे वाढले आहे का, हातात काही हत्यार घेतले होते का, जिवे मारण्याची धमकी दिली का, पोटुशी आहात का, मुलांवर हात पडतो का, आज घरी जायला भीती वाटते का. आणि सर्वांत महत्त्वाचे: कधी गळा दाबला का? गळा दाबल्याची खूण बाहेरून पुष्कळदा दिसतच नाही; आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके येतात, क्वचित त्या वेळी कपड्यांतच लघवी झालेली असते आणि ते सांगायची तिला लाज वाटते. एकदा गळा दाबणाऱ्याच्या हातून पुढे खून होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. अशा बाईला घशाची गोळी देऊन घरी पाठवू नये, मोठ्या रुग्णालयात धाडावे. तिने मागितलेल्या झोपेच्या गोळ्यांचाही विचार करून ठेवा; त्यांनी तिची सावधपणाची झोपही जाड होते, आणि पुरी पाकिटे घरात असणे हा वेगळाच धोका आहे.

तुम्हाला वाटते की पुढचे सगळे आपल्यालाच करावे लागेल, आणि मला वाटते डॉक्टर विचारत नाहीत ते याच धास्तीने. ब्रिटनमध्ये हॅक्नी आणि ब्रिस्टल इथल्या जनरल प्रॅक्टिसच्या दवाखान्यांमध्ये एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. चोवीस दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आणि काउंटरवरच्या लोकांनाही थोडे प्रशिक्षण दिले आणि या कामातली एक ठरावीक कार्यकर्ती त्या दवाखान्याला जोडून दिली; दुसऱ्या चोवीस दवाखान्यांत नेहमीप्रमाणे काम चालू राहिले. वर्षभरात पहिल्या गटाने २२३ स्त्रियांना मदत केंद्रांकडे पाठवल्याची नोंद झाली, दुसऱ्याने १२. डॉक्टर तिथेही घाईतच होते. फरक पडला तो फोन कोणाला करायचा हे नावानिशी ठाऊक असण्याने. आपल्याकडे हे काही परदेशातून आणावे लागणार नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र रुग्णालयाच्या आतच सुरू केले, ते याच विचाराने, की बाई दवाखान्यात येतेच, तेव्हा मदतीनेही तिथेच बसावे. तुमच्या जिल्ह्यात सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे मार सोसणाऱ्या बायकांना सगळी मदत एकाच जागी देणारे सरकारी केंद्र असेल, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीला नेमलेला महिला व बालविकास विभागाचा संरक्षण अधिकारी असेल. एखाद्या दुपारी स्वतः जाऊन त्यांना भेटा, चहा घ्या, नंबर घ्या. तिच्या हाती मात्र कार्ड किंवा पत्रक देऊ नका. पर्स तपासली जाते. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक तीन आकड्यांचा आहे, तो तोंडपाठ होतो.

प्रश्न : मी निवृत्तीला टेकलेला डॉक्टर आहे. आमच्या वेळी फॅमिली डॉक्टर घरातल्या वडीलधाऱ्यासारखा असे. नवऱ्याने मारले असे कळले की दोघांना समोर बसवायचे, त्याला चार शब्द सुनवायचे, तिलाही जरा सांभाळून घ्यायला सांगायचे. पुष्कळदा दारू हेच कारण असे. अनेक संसार आम्ही असे सावरले. हल्ली सगळेच कायद्याच्या वाटेने न्यायची घाई होते, असे वाटत नाही का?

उत्तर : आपल्या हेतूविषयी मला शंका नाही, आणि आपण म्हणता तसा मान अजूनही काही गावांत डॉक्टरांना आहे. पण सावरलेले संसार आपण मोजलेत ते दोघेजण पुन्हा तक्रार घेऊन आले नाहीत यावरून. ते का आले नाहीत, हे मोजायला साधन नव्हते.

मीही एकदा तेच केले आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एका जोडप्याला समोर बसवून मी पाऊण तास बोलले. नवरा खाली मान घालून ऐकत होता, जाताना त्याने मला नमस्कारही केला, आणि मी स्वतःवर खूश होते. ती आठ महिने आली नाही. आली तेव्हा तिच्या डाव्या मनगटाचे हाड वाकडे जुळलेले होते. प्लास्टर दुसऱ्या गावी घातले होते. ‘त्या दिवशी तुमच्याकडून गेल्यावर रस्त्यात ते काही बोलले नाहीत,’ असे ती म्हणाली. तिने पुढे काही सांगितले नाही, मीही विचारले नाही. दोघांना समोर बसवले की तिला खरे बोलता येत नाही, आणि ती बोललीच तर त्याचा हिशेब घरी होतो. ‘तूही जरा सांभाळून घे’ हे वाक्य तर त्याच्या पथ्यावरच पडते.

दारूविषयी. दारूने हात सैल होतो हे खरे. पण तोच माणूस दारू पिऊन पोलीस पाटलावर हात उचलत नाही, साहेबावर उचलत नाही. घरी येऊन बायकोवर उचलतो. दारू सोडवण्याचे उपचार जरूर द्यावेत, पण ते दिले म्हणजे मार थांबला असे धरून चालू नये आणि तिला तसे आश्वासन तर मुळीच देऊ नये.

नवराही आपलाच पेशंट असतो, ही अडचण खरी आहे. त्याला त्याच्या रक्तदाबासाठी, त्याच्या झोपेसाठी तपासावे. तिने सांगितलेले एक अक्षर त्याच्या कानी जाऊ देऊ नये, ‘सहज कळलं’ असेही म्हणू नये. तो आपणहून म्हणाला, ‘डॉक्टर, राग आला की माझा हात उठतो,’ तर त्याच्याशी त्याच्या हातापुरते स्पष्ट बोलावे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. कायद्याची घाई मलाही आवडत नाही. पण घाई करायची की नाही हे ठरवणारी ती आहे, आपण नव्हे.

प्रश्न : मी मुंबईच्या एका उपनगरात प्रॅक्टिस करणारी डॉक्टर आहे. अशा स्त्रीविषयी पोलिसांना कळवणे मला बंधनकारक आहे का? कागदावर काय लिहावे? पुढे कोर्टात खेपा घालाव्या लागतील या भीतीने माझे सहकारी ‘पडल्यामुळे इजा’ असेच लिहून मोकळे होतात.

उत्तर : आधी शेवटच्या वाक्याविषयी. ती पडली असे तिने सांगितले असेल तर ‘पडले असे रुग्ण सांगते’ असे लिहावे आणि पुढे ‘इजेचे स्वरूप पडण्याशी जुळत नाही’ हेही लिहावे. मारले असे तिने सांगितलेले असताना ‘पडल्यामुळे’ लिहिणे म्हणजे खोटी नोंद करणे, आणि चार वर्षांनी हाच कागद नवऱ्याचा वकील तिच्यासमोर फडकावतो.

सज्ञान स्त्रीला नवऱ्याने मारले एवढ्यावरून, तिची इच्छा नसताना, खासगी डॉक्टरने पोलिसांत जावे अशी सक्ती नाही. तिच्या संमतीनेच पुढे जावे. याला अपवाद आहेत, आणि ते तिला आधीच सांगावेत, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही. भाजणे, विष घेणे किंवा पाजणे, हत्याराची जखम, जिवावर बेतलेली मारहाण असे काही असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद) करावी लागते, आणि तशी सोय आपल्याकडे नसेल तर प्रथमोपचार करून तिला सरकारी वा मोठ्या रुग्णालयात पाठवावे. बलात्कार व ॲसिड हल्ल्याच्या बाबतीत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सरकारी आणि खासगी अशा सर्व रुग्णालयांना मोफत उपचार देण्यास आणि पोलिसांना लगेच कळवण्यास बांधते. विभक्त राहणाऱ्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्तीही त्यात येते. मुलगी अठराच्या आतली असेल, मग गळ्यात मंगळसूत्र असो वा नसो, पॉक्सो या बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या कायद्याखाली लैंगिक संबंधांची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे.

आपल्या कामाचा मुख्य कायदा मात्र वेगळा आहे: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. हा मुळात दिवाणी स्वरूपाचा कायदा आहे, आणि शिक्षेपेक्षा संरक्षणासाठी आहे. शारीरिक माराबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही त्यात मोडतो, म्हणजे पगार काढून घेणे, घरखर्च न देणे हेही. त्याच्या कलम ७ प्रमाणे पीडित स्त्रीने मदत मागितल्यास वैद्यकीय सुविधेच्या प्रमुखाने ती द्यावीच लागते. त्याखालच्या नियमांत हेही सांगितले आहे की आधी कौटुंबिक घटना अहवाल (घरातल्या हिंसाचाराची ठरावीक नमुन्यातली लेखी नोंद) झालेला नाही या कारणाने उपचार नाकारता येत नाहीत, अहवाल झालेला नसेल तर दवाखान्यानेच नमुना १ भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि वैद्यकीय अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यायची असते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम ४ स्पष्ट म्हणते. ते आपल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवा. फौजदारी तक्रार तिला करायचीच असेल तर विवाहितेच्या छळाविषयीचे पूर्वीचे कलम ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आहे.

आता नोंदीकडे. तिचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे लिहावेत. ‘पती (नाव) यांनी काल रात्री सुमारे दहा वाजता लाटण्याने उजव्या हातावर मारले असे रुग्ण सांगते,’ यात कोणी, कधी, कशाने, कुठे हे सारे आले आणि डॉक्टरने स्वतःचा निवाडा दिला नाही. ‘कथित मारहाण’ असे लिहू नये. त्या ‘कथित’मध्ये अविश्वास डोकावतो. ‘घरगुती भांडण’ असेही लिहू नये, कारण त्यातून कोणी कोणाला मारले हेच कळत नाही. मग तपासणी: ‘उजव्या अग्रबाहूच्या बाहेरील बाजूस, कोपराखाली ६ सेंटिमीटरवर, ७ बाय २ सेंटिमीटरचा जांभळा मुकामार, हाताळताना दुखरा.’ मानवी आकृतीवर जागा दाखवावी. रंगावरून ‘दोन दिवसांपूर्वीचा’ असे छातीठोकपणे सांगू नये, रंग फसवतो. फोटो काढायचाच तर तिच्या लेखी संमतीने काढावा, आणि आपल्या व्हॉट्सॲपवर ठेवू नये. तिची मनःस्थितीही लिहावी: रडत होती, हात थरथरत होते, किंवा अगदी शांत होती.

हे सारे दवाखान्यातल्या नोंदीत राहू द्यावे. घरी जाणाऱ्या केस पेपरवर फक्त औषधे असावीत, कारण तो कागद घरात टीव्हीच्या मागे खोचलेला असतो आणि सगळे वाचतात. नोंदी कुलपात ठेवाव्यात. कोर्टाचे बोलावणे येईल की नाही हे सांगता येत नाही, आले तर बहुधा एखाद्या दिवसाचे काम असते, आणि नीट लिहिलेला कागद असला की साक्षीत फार आठवावे लागत नाही.

प्रश्न : मी धीर करून आमच्या फॅमिली डॉक्टरांना सगळे सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांनी ह्यांना फोन करून ‘जरा बायकोला जपा’ असे सांगितले. पुढे काय झाले ते लिहीत नाही. आता कोणत्याच डॉक्टरकडे जायची इच्छा उरली नाही.

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांनी चूक केली, आणि ती साधी चूक नाही. पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करणे हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत लिहिलेले कर्तव्य आहे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांविषयी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते; ती आज करायची, वर्षाने करायची की करायचीच नाही, हे तुमच्या मनावर. त्या तक्रारीपेक्षा तुमची सुरक्षितता आधी.

आता ज्या डॉक्टरकडे जाल ते सासरच्या ओळखीचे नसावेत, सरकारी रुग्णालय चालेल. तिथे दोन वाक्ये बोला: ‘डॉक्टर, घरी सांगू नका,’ आणि ‘मी सांगते ते तुमच्या कागदावर लिहा.’ मोबाइल नंबर विचारतील तेव्हा ह्यांचा देऊ नका. हल्ली रिपोर्ट, पुढची तारीख, बिलाचा मेसेज हे सगळे त्याच नंबरवर जाते. पैसे शक्यतो रोख द्या. आधीच्या डॉक्टरांकडच्या तुमच्या नोंदींची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यावी लागते. अर्ज माहेरच्या कोणाकरवी, तुमच्या सहीने पाठवता येईल.

२००५ च्या कायद्यात, घर नावावर नसले तरी सासरच्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून मारहाणीला मनाई, खर्च आणि मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि निकड असेल तर समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश मिळू शकतो. तो आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकिलाची फी ही अडचण नाही: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहे, जो टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या बरोबरीने सुरू केला. तिथे खाकीतल्या माणसांऐवजी समाजकार्यकर्त्या भेटतात. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक यांच्या प्रती आणि थोडे पैसे एखाद्या विश्वासाच्या घरी ठेवून द्या. रात्री-अपरात्री जिवावर बेतले तर ११२. हे मासिक वाचून झाल्यावर शेजारी देऊन टाका, घरात ठेवू नका.

प्रश्न : मी एका दवाखान्यात नंबर लावायचे काम करते. एक गृहस्थ अधूनमधून फोन करून विचारतात, ‘आमच्या मिसेस येऊन गेल्या का? किती वाजता? कोणाबरोबर?’ मी आजवर सांगत आले. परवा त्या बाईंनी माझ्याकडे नुसते पाहिले. तेव्हापासून मला चैन नाही.

उत्तर : तुम्हाला कोणी सांगितलेच नव्हते, तेव्हा दोष तुमच्या एकटीच्या माथी मारता येत नाही. आजपासून एकच उत्तर द्या, आणि ते सगळ्यांनाच द्या, म्हणजे त्या गृहस्थांना आपल्यापुरते काही बदलले असे वाटणार नाही: ‘आम्ही फोनवर कोणाचीच माहिती देत नाही, डॉक्टरांचा नियम आहे.’ तो नियम डॉक्टरांना खरोखरच करायला सांगा. नंबराची वही टेबलावर उघडी ठेवू नका; बाकावरून वाकून नावे वाचता येतात. नाव मोठ्याने पुकारण्याऐवजी नंबर पुकारा. आणि त्या बाई पुन्हा आल्या की, कोणी जवळ नसताना, ‘आता मी फोनवर काही सांगत नाही’ एवढेच त्यांना सांगा आणि त्यांचा नंबर लावा.